तिसऱ्यांदा 'मजेत आहे'

गाणं माझ्याकडे आलं तेव्हा जवळजवळ तयार होतं. संगीत संयोजकाने सगळे ट्रॅक नीट नावं देऊन पाठवले होते. गायिकेचा आवाज स्वच्छ, वेग १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ मात्रा), चारही मात्रांवर सरळ पडणारी किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा दणका, एकदा ऐकलं की तोंडात बसेल असं ध्रुवपद. माझं काम मिक्सिंगचं, म्हणजे या सगळ्या आवाजांचा तोल साधण्याचं. सोबत निरोप होता : "सगळं बरोबर आहे, पण गाणं लागत नाही. बघा काय करता येतंय." मिक्सिंगवाल्याला असा निरोप आला की समजून जावं, दुखणं मिक्समध्ये नाही.

गाण्यातली मुलगी एका पार्टीत आहे. ज्याला विसरायला ती तिथे आली आहे, नेमका त्याचाच फोन येतो. ती बाहेर जाऊन बोलते, आत येऊन नाचते, पुन्हा बाहेर जाते. ध्रुवपद एवढंच : "मजेत आहे मी, मजेत आहे, विचारलंस म्हणून सांगते." तीनदा येतं आणि तिन्ही वेळा अक्षर न अक्षर तेच.

शब्दांना उठाव द्यायचा म्हणून संयोजकाने बरीच सजावट केली होती. फोनचा उल्लेख आला की रिंगटोन, पेल्याचा आला की किणकिण, धडधड म्हटलं की छातीचे ठोके. मी एकेक करत सगळं म्यूट केलं. ओळ जे सांगून मोकळी झाली तेच आवाजाने पुन्हा सांगितलं, तर ऐकणाऱ्याला करायला काही उरतच नाही. पोराचा चेहरा पडला. त्या ठोक्यांवर त्याने रात्र घालवली होती, आणि ते ठोके खरंच सुंदर होते, पण या गाण्यात त्यांना जागा नव्हती.

गीतकार ताई मागच्या सोफ्यावर बसून होत्या. यंत्रांमधलं आपल्याला काही कळत नाही असं त्या आल्याआल्याच सांगतात आणि मग नेमका अवघड प्रश्न विचारतात. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "अरे, पण ही तिन्ही वेळा सांगतेय कुणाला?"

"पहिल्यांदा फोनवर त्याला," गायिका म्हणाली. "दार मुद्दाम उघडं धरून. आतला गोंगाट त्याला ऐकू जावा म्हणून."

"दुसऱ्यांदा?"

"आत आल्यावर मैत्रिणींना."

"आणि तिसऱ्यांदा?"

गायिकेने माझ्याकडे बघितलं, मी आवाज चढवायच्या-उतरवायच्या फेडरकडे. ताईच म्हणाल्या, "तिसऱ्यांदा कुणालाच नाही. आपण काय म्हणतोय ते तेव्हा तिचं तिलाच ऐकू येतं."

पुढच्या सगळ्या दिवसाचं काम या उत्तरात होतं. नाचाच्या गाण्यात हूकचे, म्हणजे तोंडात बसणाऱ्या ओळीचे, शब्द बदलता येत नाहीत. बदलले तर गर्दीच्या तोंडी बसत नाहीत आणि गाणं तिथेच संपतं. कवितेत कवी तिसऱ्या कडव्यात शब्द फिरवू शकतो, इथे ती सोय नाही. ओळ जागच्या जागी ठेवून अर्थ पुढे न्यायचा तर तो निर्मितीनेच न्यावा लागतो. आमच्याकडे तिन्ही ध्रुवपदं एकाच साच्यातली होती, तिसऱ्याला वर सिंथचे (सिंथेसायझरचे) दोन थर जास्त, बस. म्हणजे मुलगी गाण्यात शिरली तशीच बाहेर पडत होती.

सुरुवात अंतऱ्यापासून केली, कारण अंतरा बाहेरच्या पॅसेजमध्ये घडतो. संयोजकाने तिथे संगीतावर वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा लो-पास फिल्टर लावला होता, भिंतीपलीकडून ऐकू आल्यासारखं वाटावं म्हणून. कल्पना नेहमीची असली तरी इथे योग्य होती. कानाला मात्र ती खोटी वाटत होती, आणि त्याचं कारण साधं आहे. भिंत किंवा दार आवाज एका रेषेवर कापत नाही. ढोबळ नियम असा की फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की साधारण ६ डेसिबल जास्त अडतं. त्याचा फिल्टर दर सप्तकाला, म्हणजे अशा दर दुपटीला, २४ डेसिबलने कापत होता. असं दार कुठल्याच इमारतीत नसतं.

तेव्हा खरंच दार वापरायचं ठरवलं. स्टुडिओची दारं उपयोगाची नव्हती, ती आवाज अडवायलाच केलेली असतात. सामान ठेवायच्या खोलीला साधं प्लायवूडचं दार आहे. आत स्पीकर ठेवला, ध्रुवपदाचं संगीत जोरात लावलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर दोन पावलांवर माइक उभा केला. ऐकलं आणि आम्ही तिघंही हसायला लागलो. खालचा दणका तर येत होताच, पण दाराखालच्या फटीतून हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या झांजांची, बारीक सळसळही येत होती, आणि प्रत्येक किकला दाराची कडी थरथरून एक किरटा आवाज करत होती. फिल्टरने हे कधीच मिळालं नसतं. कडी काढून टाकू का, असं संयोजकाने विचारलं. मी म्हटलं, हात लावू नकोस. अंतरा संपताना दार प्रत्यक्ष उघडून घेतलं, म्हणजे पहिल्या ध्रुवपदात संगीत अंगावर येतं ते फेडरने चढवलेलं नाही.

मग फोनवर ऐकलं तर अंतऱ्यातलं संगीत गायब! फोनचा बारका स्पीकर साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवतच नाही, आणि आमचा दारामागचा दणका नेमका तिथेच होता. त्यावर उपाय जुना आहे. बेस आणि किकला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम आणलेली किंचित विकृती, दिलं की वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, तयार होतात. तेवढे कानाला मिळाले की खालचा मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. किती द्यायचं यावर बराच वेळ गेला. जास्त झालं की दार नाहीसं होतं, कमी झालं की फोनवाला ऐकणारा.

दुसऱ्या ध्रुवपदात उलटं केलं. तिथे ती मैत्रिणींसमोर आहे, चेहऱ्यावर एक रेष हलू द्यायची नाही. गायिकेच्या आवाजाचे चार थर केले, डावी-उजवीकडे पसरवले, श्वास कापून टाकले आणि सूर दुरुस्त करणाऱ्या ऑटो-ट्यूनचा रिट्यून स्पीड, म्हणजे सूर जागेवर आणायला तो घेतो तो वेळ, शून्यावर आणला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना माणसाचा गळा जी घसरण घेतो ती राहत नाही, पायऱ्या उरतात. हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींवरून तेलाचे साठे शोधण्याच्या क्षेत्रात होते. पुढच्याच वर्षी अमेरिकन गायिका शेर हिच्या 'बिलीव्ह'मध्ये ते या टोकाच्या सेटिंगला वापरलं गेलं, आणि त्या गाण्याच्या निर्मात्यांनी आधी ती करामत व्होकोडर या आवाज यांत्रिक करणाऱ्या जुन्या उपकरणाच्या नावावर खपवली. तेही प्रेम संपल्यावर उभं राहण्याचंच गाणं, हा मला कधी योगायोग वाटलेला नाही. आजकाल हा परिणाम फॅशन म्हणून सगळीकडे लावतात. इथे त्याला काम होतं. मैत्रिणींना दाखवायचा चेहरा असाच असतो, इस्त्री केलेल्या कपड्यासारखा.

जेवणाआधी बेसकडे वळलो. बेसची मूळ फेरी, दर बारला (चार मात्रांना) एक स्वर, होती सा, प, ध, म. चाल 'मजेत'वर सा धरते आणि खाली बेसही सा वरच. म्हणजे मुलगी म्हणते मजेत आहे आणि गाणं म्हणतं हो, आहे. मी म्हटलं, बेसला सा वर जाऊच देऊ नका. फेरी केली म, प, ध, प. आता गायिका सा वर ठाम उभी राहते आणि तिच्या पायाखाली म असतो. कानाला बेसूर काहीच लागत नाही, कारण म च्या कॉर्डमध्ये, म्हणजे त्यावर एकत्र वाजणाऱ्या स्वरांमध्ये, सा पंचम म्हणून बसतोच, पण घरी पोचल्याची भावना येत नाही. चौथ्या बारमध्ये चाल रे वर थांबते. तिला आधीच्या म पेक्षा प जास्त मानवला, हा वरचा फायदा. किबोर्डवर दहा मिनिटांचं काम. दिवसभरातला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच.

खरी चकमक तिसऱ्या ध्रुवपदावरून झाली. निर्मात्यांचा फोन आला. त्यांचं म्हणणं होतं की तिथे किक काढा, पियानो आणि आवाज एवढंच ठेवा, लोक रडतील. संयोजकालाही तेच हवं होतं. हा मार्ग इतका मळलेला आहे की पियानो ऐकू आला की ऐकणारा आपणहून दुःखी व्हायची तयारी करतो. मी विरोध केला. तिच्यासाठी पार्टी थांबत नाही, हेच तर तिचं दुःख आहे. किक थांबली तर सगळं जग तिची दखल घेतंय असा अर्थ होतो. गायिकेने संदर्भ म्हणून स्वीडिश गायिका रॉबिनचं २०१० सालचं 'डान्सिंग ऑन माय ओन' पाठवलं होतं. त्यात ती कोपऱ्यातून त्याला दुसरीबरोबर बघते आणि तरी सिंथ बेस दणदणत राहतो. मी निर्मात्यांना म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा, दोन्ही पाठवतो.

संगीत ठेवायचं ठरलं, पण आवाज कुठला? स्टुडिओतल्या सगळ्या टेकमध्ये ती हेडफोनवर मोठं संगीत ऐकून गायली होती. भोवती गोंगाट असला की माणूस आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. तिच्या प्रत्येक टेकमध्ये तो चढ होता. तिला त्याच सामानाच्या खोलीबाहेर उभं केलं. आत संगीत, दार बंद, हेडफोन नाही, तोंडाजवळ माइक. "दादा, मला ताल नीट ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. मी म्हटलं, दणका येतोय ना, तेवढ्यावर गा.

ती गायली ते जवळपास बोलल्यासारखंच. किंचित मागे पडत, 'सांगते' या शब्दावर सूर थोडा खाली सरकलेला. दुसऱ्या 'मजेत'च्या आधी तिने श्वास घेतला, तो चुकीच्या जागी आला, 'आहे मी' आणि 'मजेत' यांच्यामध्ये खड्डा पडला. ताई उठून काचेपाशी आल्या. संयोजकाने सवयीने सूर दुरुस्त करायला विंडो उघडली आणि काही न बोलता मिटली.

आता हा बारीक आवाज पूर्ण वाजणाऱ्या संगीतावर ऐकू आणायचा होता. एकच थर, मधोमध, रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) जवळजवळ नाही. डान्स-पॉपमध्ये किक पडली की बाकीचं संगीत क्षणभर दबतं, ते साइडचेन आमच्याकडे होतंच. इथे दुसरं साइडचेन लावलं, आवाजाकडून सिंथकडे : ती बोलते तेव्हा सिंथचा फक्त दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा दबतो, शब्दांची व्यंजनं जिथे कळतात तो. क्लॅपचे दोन थर काढले. किक आणि बेस तसेच. पाय थांबायचं काही कारण नाही, आणि तरी ती एकटी ऐकू येते.

निर्मात्यांना दोन्ही मिक्स गेले. त्यांनी किकवालं घेतलं. पियानोचं 'अनप्लग्ड म्हणून नंतर वापरू' म्हणाले, म्हणजे ते वापरणारच.

शेवटावर मात्र आमचं पटलं नाही. गायिकेचं म्हणणं, शेवटच्या बारमध्ये तरी बेस सा वर येऊ दे, मुलगी कधीतरी बरी व्हायला हवी. ताईंचं म्हणणं, त्या रात्री ती बरी होत नाही. डीजेंसाठीच्या लांब आवृत्तीत प्रश्नच आला नाही : तिथे शेवटचे ३२ बार, म्हणजे साधारण एक मिनिट, नुसती किक आणि हाय-हॅट असतात, पुढचं गाणं त्यावर चढवता यावं म्हणून, बेस त्याआधीच निघून गेलेला असतो. छोट्या आवृत्तीत मी प वर संपवलं. गायिकेने कार्यक्रमात तिच्या बँडला सा वाजवायला सांगितलंय, असं संयोजकाकडून कळलं. गाणं तिचं आहे, मी काय बोलणार.