बघून न बघितल्यासारखं

धाकटी मावशी आईला सांगत होती, तुझी पोरगी मारुती चौकात समोरून आली, मी हात केला तर तोंड फिरवून सरळ निघून गेली, एवढा कसला ताठा म्हणते मी. आईनं विषय बदलला. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू आलं. दोन वाजेपर्यंत झोप नाही.

तोंड फिरवून. हेच लागलंय मला. कारण मी नीट बघते तेव्हाच तोंड फिरवते. मला जन्मापासून अल्बिनिझम आहे, म्हणजे कातडी, केस, डोळे यांना रंग देणारं मेलॅनिन जवळजवळ नाहीच. त्यामुळं माझी बुबुळं सारखी हलतात, त्याला निस्टॅग्मस म्हणतात, आणि मान जरा उजवीकडे वळवली की ते हलणं सगळ्यात कमी होतं, तेवढ्या एका कोनात समोरचा चेहरा जरा तरी लागतो. म्हणजे मावशीला जो ताठा वाटला तेव्हा बहुतेक मी कोण हात करतंय हेच शोधत होते! आणि दुपारचं ऊन. बुबुळात रंग नाही त्यामुळं उजेड नुसता बाहुलीतून नाही, अख्ख्या बुबुळातून आत घुसतो, आत गेल्यावर त्याला शोषून घ्यायला मागंही मेलॅनिन नाही. अशा वेळी रस्त्यावरची माणसं म्हणजे नुसत्या पांढुरक्या आकृत्या असतात.

चष्मा आहे की मग, असं मावशीपण म्हणते. अगं चष्म्यानं नंबर सुधारतो. पण डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध बारीक दिसायसाठी जो खळगा लागतो, फोव्हिया, तोच माझा पुरता घडलेला नाही, त्याला काच काय करणार. मी लहान असताना मिरजेच्या डॉक्टरांनी आईला हे कागदावर डोळा काढून समजावलं होतं, तो कागद अजून रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, घडीवर फाटलेला. मावशीनं तो बघितलाय.

म्हणूनच जास्त लागलं का? रंग लोकांना लांबून दिसतो, त्यावरून काय काय बोलून झालंय, शाळेतलं तर जाऊच दे. पण नजर कमी आहे हे कुणालाच दिसत नाही. कधीकधी वाटतं पांढरी काठी घेऊन फिरावं, निदान गर्विष्ठ तरी म्हणणार नाहीत. किती जणांनी असा हात केला असेल आणि मनात धरून बसले असतील, हे माझ्यापर्यंत येणारच नाही कधी.

सकाळी गणपतीला गेले, टोपी घालून, ऊन चढायच्या आत. फुलवाली नेहमीसारखी लांबूनच ओरडली, ताई हिकडं हाय मी. तिला डोळ्यातलं कुणी काही समजावलेलं नाही, एकदा दोनदा चुकून पुढं गेलेली बघितलं आणि हाक मारायला लागली, बास. आवाज आला की मला माणूस लगेच कळतो. मग दुपारी मावशीला फोन करून सांगितलं, हात करू नको, हाक मार. रस्त्यात ओरडू का मी, म्हणाली. म्हटलं ओरड.

बाकीच्यांचं काय करायचं ते पण ठरवलं. समोर कुणी थांबल्यासारखं वाटलं की आधी मीच हसायचं, कोण का असेना. संध्याकाळी एका आजोबांकडं बघून हसले तर ते थांबले, कुणाची गं तू विचारलं, आणि निघाले आबांच्या तालमीतले. रविवारी चहाला येतायत.