ऑइलमध्ये शिरलेले पाणी : चार दिवसांच्या सागरी सफरीत वाढलेला दीड दिवस

चार दिवसांत संपणारी ही सफर आम्हाला साडेपाच दिवस पुरली, आणि वाढलेला दीड दिवस आम्ही तिघांनी एका निवाऱ्याच्या खाडीत, इंजिनाच्या कप्प्यात डोके घालून काढला. बोट साडेनऊ मीटरची, शिडाची. तिच्या पोटात दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. इंजिनाभोवती गोड्या पाण्यातले कूलंट फिरते आणि ते कूलंट समुद्राच्या पाण्याने हीट एक्स्चेंजरमध्ये थंड होते. ही रचना सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे निदान याच दोन वेगळ्या पाण्यांवर उभे आहे.

पहिल्या दिवसाविषयी सांगण्यासारखे काही नाही. वारा चांगला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला म्हणून इंजिन सुरू केले आणि तासाभराने एक्झॉस्टचा आवाज बदलला. पाण्यासकट बाहेर पडणाऱ्या धुराचा नेहमीचा भरीव आवाज जाऊन कोरडा, पोकळ आवाज येऊ लागला. मागे वाकून पाहिले, तर पाण्याची पिचकारी बंद झालेली आणि नुसती वाफ निघत होती. तापमानाचा काटा एरवी 80 अंशांवर असतो, तो 95 च्या पुढे गेला होता. धोक्याची घंटा याच्यानंतर वाजली, म्हणून इंजिन चालू असताना कानांवर काट्यापेक्षा अधिक विश्वास ठेवावा असे माझे मत झाले आहे. इंजिन ताबडतोब बंद केले, शिडे चढवली आणि मंद झुळकीवर संध्याकाळपर्यंत नांगर टाकण्याजोगी जागा गाठली. तापलेल्या इंजिनाच्या हेडर टँकचे (कूलंटच्या वरच्या टाकीचे) झाकण तासभर तरी उघडू नये आणि घाईने त्यात गार पाणी तर मुळीच ओतू नये. पहिल्याने माणूस भाजतो, दुसऱ्याने हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या जाड झाकणाला, तडा जाऊ शकतो.

तपासणी पाण्याच्या वाटेने केली. समुद्राचे पाणी आत घेणारी बुडाची तोटी बंद करून तिची नळी सोडवली आणि तोटी पुन्हा उघडली, तेव्हा जोरात उसळायला हवे होते ते पाणी नुसते पाझरले. कमरेला दोर बांधून एक जण खाली उतरला आणि तोटीच्या तोंडात अर्धवट ओढला गेलेला प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन वर आला. पाणी न मिळता फिरत राहिल्यामुळे पंपातील रबरी इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या) 6 पात्यांपैकी 4 तुटली होती. नवा इम्पेलर बसवायला दहा मिनिटे लागतात, पण तुटलेली पाती शोधायला आम्हाला दोन तास लागले, आणि हे काम टाळून चालत नाही; ते तुकडे पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात आणि चांगला इम्पेलर असूनही इंजिन पुन्हा तापते. आम्ही फडक्यावर जुना इम्पेलर ठेवून सापडलेला प्रत्येक तुकडा त्याच्या जागी जुळवत गेलो. तीन पाती एक्स्चेंजरच्या तोंडाशी मिळाली, चौथे नळीच्या वळणात होते. नवा इम्पेलर ग्लिसरीन लावून बसवावा, म्हणजे पाणी येईपर्यंतचे पहिले काही फेरे कोरडे जात नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. तीन तास काटा 80 वरून हलला नाही आणि आम्ही स्वतःवर खूश होतो. वारा आल्यावर इंजिन बंद केले आणि केवळ सवयीने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आले होते आणि त्याचा रंग काळा नव्हता. पट्टीवर राखाडी, दुधाळ, फेसाळ थर चढला होता. जळून कमी होणारे ऑइल आपोआप वाढत नाही, त्यामुळे त्यात पाणी शिरले यात शंका नव्हती. आम्ही मार्ग सोडून जवळच्या खाडीत शिरलो.

माझ्या ज्येष्ठ सोबत्याने लगेच निकाल दिला: “हेड गॅस्केट गेलं. काल तापलं तेव्हाच गेलं.” त्याचे म्हणणे अवाजवी नव्हते, कारण तापलेल्या इंजिनात हेड वाकून त्याच्याखालचे गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा थर) जाणे हे नेहमीचेच आहे. त्याने पाने काढायलाही सुरुवात केली होती. पण हेड उघडले की नवे गॅस्केट हवे, बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क रेंच हवा, हेडची सपाटी तपासायला सरळ पट्टी आणि बारीक फट मोजणारा फीलर गेज हवेत. आमच्याजवळ यांपैकी फक्त फीलर गेज होता. म्हणून उघडण्याआधी विचार करू या असे मी सुचवले. त्यात शहाणपणापेक्षा आळसाचा भाग मोठा होता, हे मान्य करतो.

विचार असा केला. गॅस्केट गेले असते तर ऑइलमध्ये कूलंट शिरले असते आणि हेडर टँकमधली पातळी उतरली असती. ती तसूभरही उतरलेली नव्हती. मिनिटभर इंजिन चालवून टँकमध्ये पाहिले, तेव्हा बुडबुडे येत नव्हते आणि एक्झॉस्टला कूलंटचा गोडसर वास नव्हता. म्हणजे आत शिरलेले पाणी कूलंट नसून समुद्राचे असावे. आमच्या इंजिनात समुद्राचे पाणी पंप, एक्स्चेंजर आणि एक्झॉस्टचे मिश्रण-कोपर (जिथे ते धुरात मिसळते) या तीनच ठिकाणी पोचते. कोपरातून ते उलटे सिलिंडरमध्ये आले असते तर डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) उचलून हाताने इंजिन फिरवताना, इंजेक्टर काढलेल्या भोकांतून पाण्याचे शिंतोडे उडाले असते. तिथे कोरडे होते. एक्स्चेंजर फुटला असता तर समुद्राचे पाणी कूलंटमध्ये मिसळले असते, थेट ऑइलमध्ये नव्हे. उरला पंप.

असे पंप दोन प्रकारे बसवतात. पट्ट्यावर चालणारा पंप इंजिनापासून वेगळा असतो. गिअरवर चालणारा मात्र इंजिनाच्या पोटालाच जोडलेला असतो आणि त्याच्या दांड्यावर दोन सील (गळती अडवणाऱ्या कड्या) असतात, एक पाणी अडवणारे आणि एक ऑइल अडवणारे. या दोन सीलांच्या मधल्या पोकळीला खालून एक बारीक छिद्र ठेवलेले असते. पहिले सील झिजले की पाणी त्या छिद्रातून बाहेर ठिबकावे आणि मालकाला वेळीच कळावे, एवढेच त्याचे काम. आमचा पंप दुसऱ्या प्रकारचा होता आणि त्याच्या खाली एक थेंबही नव्हता. आरसा धरून पाहिले तेव्हा कारण कळले: छिद्रावर रंगाचा गुळगुळीत थर होता. गेल्या हंगामाआधी इंजिनाला नवा रंग मी स्वतःच दिला होता, आणि सोबत्यांनी त्याची आठवण उरलेल्या सफरीत वरचेवर करून दिली. बारीक तार आत घातली, ती सरकली, आणि तिच्यामागोमाग एक थेंब आला, मग दुसरा. चाखून पाहिला, खारट.

कोरड्या फिरण्याने पाण्याकडचे सील तापून कडक झाले असावे, आणि बाहेरची वाट बंद असल्याने पाण्याने ऑइलचे सील ओलांडले. पंप काढून दोन्ही सील बदलली. बसवताना पाण्याच्या सीलची ओठाची बाजू पाण्याकडे आणि ऑइलच्या सीलची ऑइलकडे ठेवावी लागते. जुनी काढण्याआधी फोटो काढून ठेवणे बरे. दांड्यावर नख फिरवले तर जुन्या ओठाने पाडलेली खाच लागत होती, म्हणून नवे सील दीड मिलिमीटर अधिक आत बसवले, जेणेकरून त्याचा ओठ न झिजलेल्या भागावर टेकेल. जवळपास त्याच व्यासाचा सॉकेट वर ठेवून हलक्या हाताने, सगळीकडून सारखे ठोकत ते बसवले.

उरलेला वेळ ऑइलने खाल्ला. खारे पाणी बेअरिंगवर रात्रभरही राहू द्यायचे नव्हते. आमच्या इंजिनात 3 लिटर ऑइल बसते आणि बोटीवर 5 लिटर होते. पहिल्यांदा दूषित ऑइल डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने उपसले, नवे भरले, दहा मिनिटे भाराविना चालवले आणि गरम असतानाच पुन्हा उपसले. तेही दुधाळ निघाले. पुढच्या भरणीसाठी एकाला डिंगीने (छोट्या होडीने) किनाऱ्यावर जाऊन आणखी ऑइल आणावे लागले. तिसऱ्या भरणीनंतर रंग स्वच्छ दिसला, तेव्हा फिल्टर बदलून चौथी भरली. ज्यांचा पंप गिअरवर चालतो त्यांनी चार भरण्यांपुरते ऑइल, दोन फिल्टर, इम्पेलर आणि सीलांचा संच बरोबर ठेवावा. वापरलेल्या ऑइलसाठी झाकणाचे रिकामे डबेही हवेत. ते आम्हाला आठवले नव्हते आणि पिण्याच्या पाण्याचा एक कॅन बळी गेला. आणखी एक खबरदारी: दुरुस्तीनंतर इंजिन चटकन सुरू होत नसेल तर स्टार्टर फिरवताना बुडाची तोटी बंद ठेवावी आणि इंजिन पेटताच उघडावी, नाहीतर पंपाने ओढलेले पाणी एक्झॉस्टमध्ये साचून सिलिंडरपर्यंत चढते.

पाचव्या दिवशी सकाळी निघालो आणि पहिले तीन तास दर तासाला इंजिन थांबवून, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहिली. पातळी स्थिर राहिली. पंपाच्या छिद्राखाली आता पांढऱ्या कागदाची घडी चिकटवलेली असते. परतीच्या सगळ्या प्रवासात ती कोरडी होती.