इंडियानोलाचा ट्रॅक्टरवाला

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल मागं पडलं की हायवे 49 च्या दोन्ही बाजूंना कापूस सुरू होतो, तो संपतच नाही. ऑक्टोबर होता, वेचणी जोरात होती. पण शेतात माणूस नाही. वेचणी यंत्राचं हिरवं धूड एका दमात सहा ओळी वेचत जातं आणि मागून पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला, माणसाहून उंच गठ्ठा टाकून देतं. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे बघून कसंतरीच होतं. आमच्याकडे आता कुठे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन बायका कमरेला ओटी बांधून पराटीत, म्हणजे कपाशीत, उतरल्या असतील.

ताई आणि भाऊजी मेम्फिसला राहतात. भाऊजींना ब्लूजचं, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचं, वेड नाही, पण गाडी चालवायला निमित्त लागतं. "तुझा तो बी. बी. किंग दोन-अडीच तासांवर पुरलाय, चल," एवढंच म्हणाले. बी. बी. म्हणजे ब्लूज गाणारा आणि गिटार वाजवणारा मोठा कलाकार; त्याची कबर इंडियानोला गावात आहे. खरं तर सरळ गेलो तर तेवढा वेळ, आणि मी सरळ जाऊ देत नव्हतो.

पहिला थांबा क्लार्क्सडेलच्या दक्षिणेला, रस्त्यालगतचा हॉपसन मळा. 1944 मध्ये इथं पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं पीक यंत्रानं काढून दाखवलं. तेव्हाचा हिशेब नोंदलेला आहे: एका गाठीचा कापूस हातानं वेचायला 39.41 डॉलर, यंत्रानं 5.26. हा आकडा वाचल्यावर डेल्टातली लाखो कृष्णवर्णीय माणसं पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शिकागो, डेट्रॉइट, मेम्फिसला का निघून गेली, हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याच सुमारास, इथून थोडं दक्षिणेला, एकोणीस वर्षांचा रायली किंग ट्रॅक्टर चालवत होता. पुढं याचंच नाव बी. बी. किंग पडलं.

टटवायलरला रस्ता फुटतो. आम्ही 49 वेस्ट धरला, कारण त्यावर पार्चमन लागतं. पार्चमन म्हणजे मिसिसिपीचा सरकारी तुरुंग, पण दिसायला मळाच, आणि अनेक वर्षं कैद्यांकडून तो कसून घेतला, तोही मळ्यासारखाच. बुका व्हाइट हा गिटारवादक इथं शिक्षा भोगत होता आणि 1939 मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन लोमॅक्सनं तुरुंगातच त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. हा बुका रायलीचा आईकडून नातेवाईक. पुढं मेम्फिसला रायली त्याच्याच दारात जाऊन उभा राहिला. बुकानं त्याला दिलेला एक सल्ला बी. बी. आयुष्यभर सांगत असे: वाजवायला जाताना असे कपडे घाल, की जणू बँकेत कर्ज मागायला निघालायस. कर्ज मागायला जाताना इस्त्रीचा सदरा घालणारे कास्तकार मी घरातच पाहिलेत, त्यामुळे हे वाक्य मला कुठल्याही गाण्यापेक्षा आधी पाठ झालं. पार्चमनच्या फाटकासमोर गाडी थांबवू नका, अशी पाटी आहे. थांबलो नाही.

रूलव्हिल ओलांडलं. नागरी हक्कांसाठी लढलेली फॅनी लू हेमर इथली. 1962 च्या ऑगस्टमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला ती बसनं इंडियानोलाच्या कोर्टात गेली, म्हणून तिला मळ्यातून हाकलून दिलं. ती ज्या रस्त्यानं गेली, त्याच रस्त्यानं आपण एसी लावून अर्ध्या तासात पोचतो.

इंडियानोला हे सनफ्लॉवर काउंटीचं मुख्य ठिकाण. गाव छोटं, मधून बायू, म्हणजे संथ ओढा, वाहतो. वंशभेद टिकवण्यासाठी निघालेली व्हाइट सिटिझन्स कौन्सिल 1954 मध्ये याच गावात जन्मली. आता त्याच गावात सगळ्यात मोठी पाटी बी. बी. किंगच्या नावाची आहे. गाव बदललं की गावाला पर्यटक हवेत? थोडं थोडं दोन्ही असावं.

संग्रहालय 2008 मध्ये उघडलं. त्याचा एक भाग म्हणजे जुनं विटांचं जिनिंग; रायलीनं चाळीसच्या दशकात तिथं काम केलं होतं. आत शिरल्यावर मी आधी भिंतींकडे, तुळयांकडे बघत राहिलो. सरकीचा वास काही येत नव्हता, पण मला येत होता.

जन्म 16 सप्टेंबर 1925, बर्क्लेअर नावाच्या वस्तीजवळच्या मळ्यात. आईवडील विभक्त झाले. आई गेली तेव्हा पोरगा दहाच्या आसपास, आजी गेली तेव्हा चौदाचा. किलमायकल गावाजवळच्या डोंगराळ भागात तो एकटा राहायचा, गाईंच्या धारा काढायचा, कापूस वेचायचा. शंभर पौंडांना, म्हणजे पंचेचाळीस किलोला, 35 सेंट. शेती बटाईची. मालक पेरणीला खावटी देणार, बियाणं-खत देणार, वर्षाअखेर हिशेब मांडणार, आणि हिशेबात कुळाकडेच काहीतरी निघणार. वही मालकाकडे, आणि कुळाला वाचता येत असलं तरी वही बघायला मागायची सोय नाही. पहिली गिटार 15 डॉलरची, तीही मालकानं पैसे उसने देऊन पगारातून कापून घेतलेली. पहिले तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, शिकवले आर्ची फेअर या पाद्र्यानं. तो प्रार्थनेत गिटार वाजवायचा.

1943 मध्ये तो इंडियानोलाला आला आणि ट्रॅक्टरवाला झाला. मळ्याच्या उतरंडीत ही मोठी बढती. युद्ध चालू होतं. सैन्यात थोडं प्रशिक्षण झाल्यावर त्याला परत पाठवलं, कारण ट्रॅक्टर चालवणारा शेतीसाठी जास्त गरजेचा होता. रविवारी तो चर्चची गाणी गाणाऱ्या चौकडीत. शनिवारी संध्याकाळी मात्र गिटार घेऊन चर्च स्ट्रीट आणि सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. देवाचं गाणं म्हटलं की लोक पाठ थोपटायचे, ब्लूज म्हटलं की नाणं टाकायचे, असं तो सांगे. आठवड्याभराच्या ट्रॅक्टरपेक्षा कोपऱ्यावर जास्त मिळू लागलं.

1946 मध्ये एका संध्याकाळी त्यानं ट्रॅक्टर शेडमध्ये लावला आणि इंजिन बंद होताना गाडी झटक्यानं पुढं सरकली. धुराडं मोडलं. नुकसान मोठं, मालकाची भीती त्याहून मोठी. खिशात अडीच डॉलर आणि हातात गिटार घेऊन तो पळाला. किराण्याच्या ट्रकवर पिठाची पोती चढवायला-उतरवायला मदत करायची, त्या बदल्यात मेम्फिसपर्यंत बसायचं. बुकाकडे राहिला, काम केलं, गिटार घासली. आणि मग परत आला. बायको मार्था इथं होती हे एक कारण. पण परत येऊन त्यानं पहिल्यांदा त्या ट्रॅक्टरचे पैसे फेडले, मगच 1948 मध्ये पुन्हा मेम्फिसला निघाला. माझ्या दृष्टीनं त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे कर्ज ठेवून निघून गेलेला माणूस आणि कर्ज फेडून निघून गेलेला माणूस, दोघं गाव सोडतात. पण दुसऱ्याला गावात परत येता येतं.

मेम्फिसला नशीब रेडिओनं उघडलं. डब्ल्यूडीआयए हे अमेरिकेतलं पहिलं असं रेडिओ केंद्र म्हणून ओळखलं जातं, जिथं बोलणारे सगळे कृष्णवर्णीय होते. मालक मात्र गोरे. रायलीला तिथं दहा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला, त्या बदल्यात पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गायची. टॉनिकात अल्कोहोल असल्यानं ते खपतही चांगलं असे. मेम्फिसमधल्या बील स्ट्रीटवरून 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय', मग 'ब्लूज बॉय', मग नुसतं बी. बी. 

त्याच काळात, 1949 मध्ये, 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीचं 'रेस रेकॉर्ड्स' हे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. त्या यादीच्या शिखरावर 1952 च्या सुरुवातीला बी. बी. पोचला, 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' घेऊन. गाणं लोवेल फुलसनचं; मुद्रण स्टुडिओत नव्हे, तर मेम्फिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या वायएमसीएतल्या खोलीत. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा देशभराच्या नाट्यगृहांतून फिरू लागला. त्याच वर्षी मार्थाशी झालेलं लग्न मोडलं. दुसरं लग्न याच इंडियानोलातल्या सू हॉलशी, 1958 मध्ये. तेही 1966 ला संपलं. दोन्ही रस्त्यानं खाल्ली. 1956 या एका वर्षात त्यानं 342 कार्यक्रम केले, म्हणजे सुट्टी जवळजवळ नाहीच. सवय मळ्यातली: उजाडलं की उतरायचं, अंधार पडला की बाहेर. संग्रहालयात त्याची बस उभी आहे. ती उत्तरायुष्यातली, ऐसपैस. आधीची एक बस 1958 मध्ये टेक्सासला ट्रकवर आदळली, विमा लागू नव्हता आणि ते देणं तो वर्षानुवर्षं फेडत राहिला.

गिटारचं नाव ल्युसिल का, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी थोडक्यात: 1949 चा हिवाळा, आर्कान्सातलं ट्विस्ट गाव, नाचाच्या खोलीत उबेसाठी केरोसीन पेटवलेलं पिंप, दोन माणसांची मारामारी, पिंप कलंडलं, आग. बाहेर पळाल्यावर त्याला आत राहिलेली 30 डॉलरची गिटार आठवली आणि तो परत आत शिरला. मारामारी ज्या बाईवरून झाली तिचं नाव ल्युसिल. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही, म्हणून गिटारला तेच नाव. पुढं प्रत्येक गिटार ल्युसिल झाली. गिब्सन कंपनीच्या पोकळ गिटारच्या पोटात तो कापडं कोंबायचा, मोठ्या आवाजात ती शिट्ट्या मारू नये म्हणून. 1980 मध्ये कंपनीनं अखेर भोकंच नसलेली गिटार त्याच्यासाठी काढली.

आता वाजवण्याबद्दल. संग्रहालयात पडद्यावर त्याचा डावा हात जवळून दाखवतात, तिथं मी भाऊजींना बराच वेळ ताटकळत ठेवलं. बी. बी. गाताना वाजवत नाही. ओळ गातो, थांबतो, मग गिटार बोलते. ओळीचं उत्तर देते, कधी ओळीला खोटं पाडते. बैठकीत सारंगीवाला गायकाच्या मागून येतो, तसं काहीसं. फक्त इथं गाणारा आणि मागून येणारा एकच माणूस आहे, आणि मागून येणारा कधीकधी वरचढ ठरतो. कॉर्ड आपल्याला जमत नाहीत, असं तो स्वतःच सांगायचा. बुका धातूची नळी तारेवर घासून मींड काढायचा. रायलीला नळी जमेना. मग तार दाबलेल्या बोटावर सगळा पंजा थरथरवून त्यानं तो आवाज काढायचा प्रयत्न केला. नळीचा आवाज काही आला नाही, दुसराच आला, आणि तो आवाज आता जगातले अर्धे गिटारवाले काढायला बघतात. टी-बोन वॉकरची विजेची गिटार, लॉनी जॉन्सनचे एकेरी स्वर, जँगो राइनहार्टसुद्धा त्यानं कानात साठवले होते. पण तो थोडे स्वर वाजवतो. पैसे मोजून द्यावेत तसे.

साठच्या दशकात मात्र वाईट दिवस आले. 21 नोव्हेंबर 1964 ला शिकागोच्या रीगल थिएटरात झालेल्या कार्यक्रमाची तबकडी ऐका, तिथं श्रोते प्रत्येक ओळीला ओरडून दाद देतात. पण हे श्रोते वयानं वाढत चालले होते. तरुण कृष्णवर्णीयांना सोल हे नवं संगीत हवं होतं. ब्लूज म्हणजे कापूस, मळा, बापाचं अपमानाचं आयुष्य. बाल्टिमोरला त्यांनी त्याची हुर्यो उडवली. मला त्या पोरांचा राग येत नाही. आमच्या गावातली किती मुलं शहरात गेल्यावर पराटीचं नाव काढतात?

मग 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं फिलमोर सभागृह. बाहेर लांब केसांची गोरी पोरं बसलेली बघून आपण चुकीच्या जागी आलो असं त्याला वाटलं. मंचावर पाऊल ठेवलं आणि सगळी पोरं उठून उभी राहिली. तो रडला. 1970 मध्ये 'द थ्रिल इज गॉन' पॉपच्या यादीत पंधराव्या क्रमांकावर गेलं. रॉय हॉकिन्सचं 1951 चं गाणं, व्हायोलिनं लावून नव्यानं केलेलं. त्याच वर्षी त्यानं शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात कैद्यांपुढं गायलं, आणि पुढं तुरुंगांत जाणं त्यानं सोडलं नाही. बाकी पंधरा ग्रॅमी, राष्ट्राध्यक्षांचं पदक, सोव्हिएत संघाचा दौरा, ही यादी भिंतीवर आहेच.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते क्लब एबनी. हॅना अव्हेन्यूवरची बसकी इमारत, चाळीसच्या दशकात उघडलेली. दुसऱ्या बायकोची आई एकेकाळी हा क्लब चालवायची. बी. बी. दरवर्षी उन्हाळ्यात गावी यायचा, दिवसा मोकळ्या मैदानात गायचा आणि रात्री इथं. 2008 मध्ये त्यानं क्लब विकत घेतला आणि नंतर संग्रहालयाला देऊन टाकला. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, दार बंद. शेजारच्या अंगणात बसलेल्या आजोबांनी भाऊजींना विचारलं, कुठून आलात. भारतातून, असं सांगितल्यावर म्हणाले, "तिकडं तर तो गेला नव्हता ना? बाकी सगळीकडं गेला." मग क्लबच्या मागच्या बाजूनं फोटो चांगला येतो, हेही त्यांनीच दाखवलं.

14 मे 2015 ला लास वेगासमध्ये तो गेला, 89 वर्षांचा होऊन. आधी बील स्ट्रीटवर बँड लावून मिरवणूक, मग शववाहिका हायवे 61 नं खाली इंडियानोलाला. संग्रहालयाच्या आवारातच त्याची कबर आहे.

परतताना हायवे 82 नं पूर्वेला वळलो. बर्क्लेअरला मिसिसिपी ब्लूज ट्रेलची निळी पाटी आहे, घर नाही. किलमायकल अजून तासभर, आणि भाऊजींना भूक लागलेली, म्हणून ग्रीनवूडला उतरलो. तिथं तळलेला कॅटफिश खाताना वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूजवाल्याची कबर पाहायची आहे का. या परिसरात त्याच्या म्हणून दाखवतात अशा तीन कबरी आहेत, तिन्हींवर दगड आहे. भाऊजी म्हणाले, "तिन्ही बघायच्या असतील तर पेट्रोल तू भरायचं."