तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांवर धर्म लादता का?

"इतक्या लहान वयात मुलांवर धर्म कशाला लादता? मोठी झाली की ठरवतील ना त्यांचं ती!" हा प्रश्न मला पालकसभेत विचारला जातो, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्या मैत्रिणीला माझ्या मुलांची खरोखर काळजी असते. उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी लादण्याचं. आम्हा मुसलमानांत इबादत, म्हणजे उपासना, सुरू होते ती नियत करून, म्हणजे मनात हेतू धरून. हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांची आणि वागण्याची नोंद; सहीह बुखारी या हदीससंग्रहातली पहिलीच हदीस सांगते की कर्माचं मोल त्यामागच्या नियतवर ठरतं. मग बापाच्या धाकाने मुलाने कपाळ जमिनीला टेकवलं, तर त्यात नमाज किती आणि धाक किती? "धर्मात जबरदस्ती नाही," असं कुरआनच्या दुसऱ्या सूरेतली २५६वी आयत सांगते. रोजा आणि नमाज फर्ज, म्हणजे बंधनकारक, होतात तेही मूल वयात आल्यावर.

मुलाला सातव्या वर्षी नमाज पढायला सांगा आणि दहाव्या वर्षी टाळली तर मारा, अशीही एक हदीस आहे. ती मला लपवायची नाही. तिचा आधार घेऊन मुलांवर हात उगारणारी घरं मी पाहिली आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही. कारण त्याच हदीससंग्रहांतून मला पैगंबरसाहेब मुलांशी कसे वागत, हेही कळतं. नमाज पढवताना त्यांची नात उमामा त्यांच्या अंगावर असायची. सजद्याला, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवायला, जाताना ते तिला खाली ठेवत, उभं राहताना पुन्हा उचलून घेत. एकदा सजदा इतका लांबला की मागच्या लोकांना वाटलं, काहीतरी झालं. नंतर कळलं, नातू पाठीवर चढून बसला होता आणि त्याची हौस फिटेपर्यंत त्यांना त्याला उतरवायचं नव्हतं.

आमचा धाकटा तीनेक वर्षांचा असताना नेमका माझ्या सजद्याच्या जागी आपल्या गाड्या मांडून ठेवायचा. मी हाताने गाडी बाजूला सारून कपाळ टेकायची. कोणी काही सांगितलं नाही, रागावलं नाही. पुढे पुढे तो स्वतःच जानमाजच्या, म्हणजे नमाजच्या चटईच्या, कडेने गाड्या लावायला लागला आणि शेवटच्या सलामला माझ्याबरोबर आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवायला लागला. याला लादणं म्हणायचं असेल तर म्हणा. मला तरी ते एका घरात राहणं वाटतं.

पण तुमच्या प्रश्नातली मला खरी खटकणारी गोष्ट वेगळी आहे. आम्ही काही शिकवलं नाही तर मुलांची पाटी कोरी राहील, असं तुम्ही धरून चालता. मुसलमान मुलाची पाटी आज कोरी राहूच शकत नाही. त्याचं नाव ऐकल्याबरोबर समोरच्याच्या मनात काहीतरी येतं आणि ते त्या मुलाला वाचता येतं. घर गप्प बसलं तर तो कोण आहे हे त्याला बातम्या सांगतील, वर्गातली मुलं सांगतील, नाहीतर मोबाइलवरचा कोणीतरी संतापलेला वक्ता सांगेल.

माझ्या मुलीच्या बाबतीत हे घडलं. वर्गातली एक मुलगी तिला म्हणाली, "तुमच्यात लग्न ठरवताना मुलीला विचारतच नाहीत." त्याच आठवड्यात तिने एक व्हिडिओ पाहिला. त्यातले दाढीवाले गृहस्थ ठासून सांगत होते की निर्णय बापाचाच असतो. एक आम्हाला नावं ठेवणारी, दुसरा आमचा कैवारी, आणि दोघांचं म्हणणं एकच! ती माझ्याकडे आली. "अम्मी, खरं आहे का गं हे?"

मी तिला पैगंबरसाहेबांच्या काळातल्या खनसा बिन्त खिदाम यांची हकीकत सांगितली. वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध निकाह लावून दिला, त्या पैगंबरसाहेबांकडे गेल्या आणि तो निकाह रद्द झाला. खनसा आधी विवाहित होत्या, त्यामुळे काही फिकहकार, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, कुमारिकेच्या लग्नाला वेगळा नियम लावत आले, हेही सांगितलं. आणि कुमारिकेचीही परवानगी घ्यावी असं सांगणारी हदीस तिच्यासमोर उघडून ठेवली. मग ती म्हणाली, "म्हणजे बायकांना हे माहीत असलं पाहिजे." तेव्हापासून ती माझ्याशी वाद घालते, वाचून घालते, आणि मला ते फार आवडतं. ती हिजाब घालत नाही, मी घालते. त्यावरही आमचं बोलणं चालू असतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: उद्या एखाद्याने सगळं सोडून दिलं तर?

मला वाईट वाटेल. खूप वाईट वाटेल, आणि मी दुवा मागत राहीन. थोरला एकोणीस वर्षांचा आहे, सध्या त्याच्या नमाज सुटतात. फज्रला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, मी त्याला एक हाक मारते, दुसरी मारत नाही. रमजानचे रोजे त्याने यंदा आपणहून पूर्ण धरले. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजला, कधी अब्बांबरोबर जातो, कधी जात नाही. गेला नाही त्या दिवशी अब्बा एकटे जाऊन येतात आणि आल्यावर दोघं नेहमीसारखे जेवायला बसतात.