शून्याचा रकाना

काल आय-ट्वेंटी आला, म्हणजे अमेरिकेतले विद्यापीठ विद्यार्थी-व्हिसासाठी पाठवते तो प्रवेशाचा कागद. त्यात पैशांचा एक तक्ता असतो. एका बाजूला शिक्षणाचा आणि राहण्याचा अंदाजे खर्च, दुसऱ्या बाजूला तो कोण भागवणार याचा हिशेब. माझ्या कागदावर सगळी रक्कम विद्यापीठाच्या रकान्यात आहे आणि वैयक्तिक निधीपुढे शून्य आहे. याच शून्यासाठी मी एवढी वर्षे झटले, निधीविना मिळालेले प्रवेश सोडून दिले. आणि ते पाहून बाबा गप्प झाले, हे मला कालपासून सलते आहे.

त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, "म्हणजे आपल्याकडून काहीच नको?" मी उत्साहाने सांगत सुटले, की शुल्क माफ आहे, विद्यावेतन आहे, आरोग्य विमा आहे आणि त्याबदल्यात आठवड्याला वीस तास पदवीच्या मुलांना शिकवायचे, त्यांचे पेपर तपासायचे. ते "बरं झालं" म्हणाले आणि सीएने दिलेले प्रमाणपत्र, मुलुंडच्या घराचे मूल्यांकन, मुदत ठेवींच्या पावत्या पुन्हा फायलीत लावत बसले.

रात्री मला रडू आले. आत्या पेढे घेऊन आली, मोहनकाकांनी सगळ्या नातेवाइकांना कळवले, आणि ज्यांच्या तोंडून शाबासकी ऐकायची होती त्यांनी दोन शब्दांवर भागवले. आईशी त्याबद्दल बोलणार होते, पण ते राहू दे.

आज दुपारी पॅन कार्डाची प्रत शोधताना ती फाईल हातात आली. प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'शिक्षण' असे लिहिलेले आहे, आणि त्यांतल्या काही पावत्या मी शाळेत होते तेव्हाच्या आहेत. त्यांना माझ्या निवडीचा आनंद झाला नाही असे नाही. इतकी वर्षे जपून ठेवलेली गोष्ट कुणी मागितलीच नाही, याचे त्यांना काय करावे ते कळेना.

सिडनहॅम कॉलेजवरून जाताना मला नेहमी डॉ. आंबेडकरांचे दुसरे प्रयाण आठवते. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये तिची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा निघताना सिडनहॅममधल्या पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज असे सगळे एकत्र करावे लागले. शिष्यवृत्तीच्या पलीकडे घरचे, मित्रांचे, स्वतःचे असे काहीतरी लागतेच.

मलाही लागणार आहे. पहिले विद्यावेतन सप्टेंबरअखेर हाती येईल. त्याआधी विमानाचे तिकीट, सेविसचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीचे, ३५० डॉलर, घराचे डिपॉझिट आणि ऑगस्टचे भाडे द्यायचे आहे, आणि यांतले काहीच विद्यापीठ देणार नाही. संध्याकाळी हे सगळे बाबांपुढे मांडले. त्यांनी लगेच पेन्सिल मागितली, कोणती ठेव मोडली तर व्याज कमी बुडेल याचा हिशेब केला आणि डॉलरचे कार्ड बँकेत किती दिवसांत मिळते, असे विचारले. कालपासून प्रथमच ते माझ्याशी सलग बोलत होते.

विद्यावेतन वर्षातून नऊच महिने मिळते आणि उन्हाळ्याची सोय मला स्वतःलाच करायची आहे, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेले नाही. तेही उद्या सांगेन.