बागेच्या फाटकापासून बाकापर्यंत

आमच्या घराजवळच्या सार्वजनिक बागेच्या प्रवेशद्वारात दोन लोखंडी पाइपांमधले अंतर ६१ सेंटिमीटर आहे आणि माझ्या दादाच्या व्हीलचेअरची बाहेरच्या कडांपर्यंतची रुंदी ६६ सेंटिमीटर आहे. बागेत दुचाक्या घुसू नयेत म्हणून हे पाइप नागमोडी बसवलेले आहेत. शेजारचे मोठे फाटक कुलूपबंद असते, त्याची किल्ली ज्या माळ्याकडे असते तो नऊ वाजता येतो आणि तोवर ऊन चढलेले असते. मणक्याच्या दुखापतीनंतर दादाचे पाय गेले त्याला आता सहा वर्षे झाली. त्यांतली पहिली चार वर्षे तो या बागेत एकदाही गेला नव्हता. बाग आमच्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे.

मी शिक्षणाने आणि पेशाने स्थापत्य अभियंता. नोकरीत असताना कितीतरी इमारतींच्या नकाशांवर रॅम्प काढले, तपासले आणि मंजुरीसाठी पुढे पाठवले. पण रॅम्पच्या तळाशी खुर्ची धरून उभे राहण्याची वेळ दादामुळे पहिल्यांदा आली. गेल्या वर्षी उद्यान सुधारणेसाठी नागरिकांच्या सूचना मागवल्या गेल्या, तेव्हा आम्ही काही जणांनी मिळून या एका बागेचा सुगम्यता आराखडा, म्हणजे ती सगळ्यांना वापरता यावी यासाठी काय बदलायचे त्याची योजना, करून द्यायचे ठरवले. पहिला नियम असा केला की नकाशा पुढ्यात घेऊन बसायचे नाही. बाग ज्यांना बंद आहे त्यांना सोबत घेऊन बस थांब्यापासून निघायचे आणि जिथे अडेल तिथे थांबून मोजायचे. दादा होताच, शिवाय पूर्ण अंध असलेले एक निवृत्त संगीतशिक्षक, ज्यांना सगळी कॉलनी ‘सर’ म्हणते, नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आणि त्याची आई, आणि दोन्ही गुडघे दुखत असल्याने काठी घेऊन चालणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या एक आजी. माझ्याकडे टेप, खडू, वही आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, एवढेच सामान होते.

फाटकापाशीच आमचा एक तास गेला. व्हीलचेअरला सहज जाता यावे म्हणून किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. पण तेवढ्या जागेतून स्कूटरही आत जाते, आणि बागेत येणाऱ्या लहान मुलांच्या आयांनी, अगदी रास्तपणे, स्कूटर नको असा आग्रह धरला. खांब रोवा, वळण द्या, फिरते फाटक बसवा असे सगळे पर्याय आम्ही खडूने जमिनीवर आखून पाहिले आणि प्रत्येक वेळी तिथेच येऊन पोहोचलो. खुर्चीला पुरेल आणि दुचाकीला पुरणार नाही अशी फट लोखंडात काढता येत नाही. हे काम माणसालाच करावे लागेल, म्हणजे बाग उघडी असेल त्या पूर्ण वेळेत प्रवेशद्वारावर रखवालदार हवा. आराखड्यातली ही एकमेव बाब अशी आहे की जिचा खर्च एकदाचा नसून दर महिन्याचा आहे. म्हणूनच ती सर्वांत आधी वगळली जाईल हे ओळखून मी तिला पहिल्या पानावर घातले. फाटक उघडत नसेल तर आतला रॅम्प, आतले स्वच्छतागृह आणि आतला झोका यांतल्या कशालाच अर्थ राहत नाही.

रॅम्पचे गणित साधे आहे आणि तरीही ते सर्रास चुकते. उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र असू नये, म्हणजे एक सेंटिमीटर चढण्यासाठी किमान बारा सेंटिमीटर लांबी द्यावी, असा संकेत आहे. बागेच्या मधल्या चौथऱ्याला प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या आहेत, म्हणजे उंची ४५ सेंटिमीटर. रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा आणि वर-खाली खुर्ची वळवण्यासाठी दीड-दीड मीटरची सपाट जागा हवी. प्रत्यक्षातला रॅम्प २ मीटर १० सेंटिमीटरचा निघाला, शिवाय त्याला गुळगुळीत फरशी लावलेली होती आणि कठडा नव्हता. कागदावर मात्र तिथे रॅम्प आहे, आणि तपासणीच्या तक्त्यात त्या रकान्यापुढे ‘होय’ असे लिहिलेले असणार. दादाने तो बघितला आणि मला म्हणाला, “तू मागून धरलंस तर मी चढेन गं. पण तू मागे असायलाच हवीस, तर मग मी एकटा कधी येणार?” मी वहीत लांबी आणि उंची लिहिली आणि त्यांच्याखाली त्याचे हे वाक्यही लिहून ठेवले. आराखड्याच्या प्रत्येक बाबीला पुढे आम्ही हाच प्रश्न लावला.

वाटेबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. पेव्हर ब्लॉक बसवले त्या वर्षी ते सपाट असतात. नंतर झाडांची मुळे त्यांना उचलतात आणि पावसाळ्यात खालची कच वाहून गेली की ते खचतात. व्हीलचेअरची पुढची चाके लहान असतात. दोन सेंटिमीटर उचललेल्या ब्लॉकला ती अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. पर्जन्यजलाच्या चरावरची लोखंडी जाळी आमच्या बागेत चालण्याच्या दिशेला समांतर बसवली आहे आणि तिच्या दोन पट्ट्यांमध्ये माझा अंगठा सहज जात होता. तिथे खुर्चीचे पुढचे चाक अडकले आणि आजींच्या काठीचे टोकही अडकले. ती जाळी उचलून आडवी बसवायची आणि पट्ट्यांमधली फट बारा-तेरा मिलिमीटरवर आणायची, एवढेच काम आहे. झाड मात्र तोडायचे नाही, यावर आमच्यात एकमत होते. मुळांच्या भागात वाट थोडी वळवून घेता येते. बाग त्या झाडासाठीच आहे.

सर चालू लागले तेव्हा आम्हा डोळसांना न दिसलेल्या गोष्टी कळल्या. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, कमरेच्या वरचा सांगत नाही. झुकलेल्या बोगनवेलीची फांदी त्यांच्या कपाळाला लागली आणि ओपन जिमच्या एका यंत्राचा वाटेवर आलेला दांडा त्यांच्या छातीला. वाटेवर किमान २ मीटर १० सेंटिमीटर उंचीपर्यंत काहीही आडवे येऊ नये, हे माळ्याच्या छाटणीच्या वेळापत्रकात घालायचे काम आहे. त्याला वेगळा पैसा लागत नाही. मी मात्र घरून ठरवूनच आले होते की सगळ्या वाटांवर पिवळ्या स्पर्शदर्शी, म्हणजे काठीला आणि पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या, फरशा सुचवायच्या. सर म्हणाले, “ताई, सगळीकडे नका घालू. वाटेच्या एका बाजूला सलग कड ठेवा, काठी तिला लावून मी पूर्ण फेरी मारेन. पिवळी फरशी जिथे निर्णय घ्यायचा तिथे हवी. फाटक, पायरी, फाटा, पाण्याची टाकी.” एवढ्या एका सूचनेने आमच्या अंदाजपत्रकातली मोठी रक्कम वाचली आणि सरांची सोयही वाढली. ते सोबत नसते तर मी चुकीच्या जागी पैसे घालून समाधानाने घरी गेले असते.

या फरशीची मूळ कथा मला फार जवळची वाटते. सेइची मियाके नावाच्या जपानी गृहस्थांनी ती तयार केली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते. ते पुणे आणि ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीचे उद्यान आहे आणि ओकायामातल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभारले आहे. त्या शहराकडून आपण बागेची रचना घेतली, खळाळते पाणी आणि नेटके गवत घेतले. त्याच शहरातल्या रस्त्यावर जन्मलेली ती फरशीही आता आपल्या बागांमध्ये तितक्याच काळजीने बसली पाहिजे. काळजीने म्हणण्याचे कारण असे की लांब उंचवट्यांची फरशी ‘या दिशेने चला’ असे सांगते आणि गोल ठिपक्यांची फरशी ‘थांबा, पुढे सावध’ असे सांगते. कंत्राटदाराच्या माणसाने ती नक्षी समजून उलटसुलट लावली, तर अंध माणसाला चुकीचा निरोप जातो.

स्वच्छतागृहाबद्दल फार लिहीत नाही. दारावर व्हीलचेअरचे चित्र आहे आणि आत झाडू, पाण्याचा पाइप व खताची पोती आहेत. दार आत उघडते, त्यामुळे सामान काढले तरी खुर्ची आत गेल्यावर ते लावता येणार नाही. दादा बागेत जास्तीत जास्त तासभर थांबतो, त्याचे कारण हेच आहे. घरून निघताना तो पाणी पीत नाही.

मुलांच्या खेळाच्या जागेत वाळू आहे. वाळूत चाक रुततेच. पण स्वमग्न मुलाच्या आईने सांगितलेली अडचण वेगळी होती. गर्दी आणि गोंगाट वाढला की तिच्या मुलाला काही मिनिटे शांत कोपरा लागतो. असा कोपरा नसेल तर मुलगा फाटकाकडे धावत सुटतो आणि बाहेर रस्ता आहे. त्यामुळे खेळाच्या जागेला कमरेइतके कुंपण आणि झुडपांच्या आड दोन बाकांचा एक निवांत कोपरा, हे आम्ही लिहिले. पाठ टेकता येईल असा झोका आणि खुर्चीत बसूनही हात पोहोचेल एवढ्या उंचीवरची वाळूची पेटी, हेही लिहिले. बेंगळुरूत ‘किलिकिली’ या पालकांच्या संस्थेने महापालिकेसोबत कोल्स पार्कसारख्या सार्वजनिक बागांत अशा खेळाच्या जागा केल्या आहेत. त्यांची मला पटलेली गोष्ट म्हणजे त्या जागा कोणत्याही एका प्रकारच्या मुलांसाठी राखीव नाहीत, तिथे सगळी मुले एकत्र खेळतात.

याच कारणासाठी दिव्यांगांसाठी वेगळे उद्यान उभारण्याच्या कल्पनेने मी पूर्णपणे सुखावत नाही. नागपुरात पारडी भागात ९० हजार चौरस फुटांवरच्या, सुमारे १२ कोटी रुपये खर्चाच्या ‘अनुभूती’ समावेशक उद्यानाचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. एकाच ठिकाणी इतक्या सोयींचा विचार होतो हे चांगलेच आहे आणि त्यातून इतर शहरांना नमुना मिळावा. पण दादाला संध्याकाळी आपल्या मित्रांच्या कट्ट्यावर जायचे असते आणि तो कट्टा चार मिनिटांवरच्या साध्या बागेत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. एवढ्या लोकांच्या रोजच्या संध्याकाळचा प्रश्न प्रत्येक प्रभागातल्या जुन्या बागेतच सोडवावा लागेल.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने सध्याच्या सार्वजनिक इमारती, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करण्याचे बंधन घातले. करमणुकीच्या सार्वजनिक सेवाही त्याच्या कक्षेत आहेत. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली सुगम्यतेची मानके शिफारशीच्या स्वरूपाची होती. किमान मानके सक्तीची असलीच पाहिजेत असे न्यायालयाने सांगितले. आमच्या आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे ‘विनंती’ हा शब्द वापरला होता. या निकालाचे वाचन केल्यावर तो काढून ‘आवश्यक’ असे लिहिले.

पैशाविषयी माझे मत ठाम आहे. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातली पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, आणि रॅम्पचा विषय निघाला की बोट लगेच त्या निधीकडे जाते. तो निधी माणसांच्या उपचारासाठी, साधनांसाठी, उपजीविकेसाठी राहू द्यावा. फाटक अरुंद असणे हा बागेच्या बांधणीतला दोष आहे आणि तो बागेच्या नेहमीच्या देखभालीच्या पैशांतून दुरुस्त झाला पाहिजे. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे. तिथे नागरिक आपल्या भागातली छोटी कामे सुचवू शकतात. तिच्यावरून धडा घेऊन आम्हीही एक मोठा, देखणा आणि कधीच मंजूर न होणारा प्रस्ताव करण्याऐवजी लहान लहान स्वतंत्र कामे पाडली, मात्र त्यांचा क्रम बदलता येणार नाही अशी अट लिहिली. आधी फाटक व रखवालदार, मग फाटकापासून चौथऱ्यापर्यंतची एक सलग वाट, मग स्वच्छतागृह, मग रॅम्प आणि त्यानंतर खेळाची जागा. बागेतल्या चारही वाटा थोड्या थोड्या सुधारण्यापेक्षा एक वाट शेवटपर्यंत नीट करावी, हे दादाचे म्हणणे सगळ्यांना पटले.

देखभालीचे पान मी चेन्नईच्या अनुभवावरून जोडले. मरीना किनाऱ्यावर व्हीलचेअरने पाण्याजवळ जाता यावे म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये लाकडी कायमस्वरूपी वाट खुली झाली आणि डिसेंबरमध्ये मँडूस चक्रीवादळाने तिचा काही भाग उखडला. निसर्गापुढे कोणाचा दोष काढायचा नाही. पण दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्ती कोण करणार त्याचे पद मूळ आराखड्यातच असावे. आपल्याकडे दरवर्षी पावसाळा येतो आणि दरवर्षी ब्लॉक खचतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये संपूर्ण वाट व्हीलचेअरवरून फिरून तपासावी आणि त्या फेरीत खुर्ची वापरणारी किमान एक व्यक्ती असावी, असे आम्ही लिहिले आहे.

आराखडा देऊन आता पाच महिने झाले. रखवालदाराचा निर्णय अजून व्हायचा आहे. मोठ्या फाटकाची एक किल्ली मात्र समोरच्या दूधवाल्यांकडे ठेवायला परवानगी मिळाली, आणि ते पहाटे पाचला दुकान उघडतात. दुसरे एक काम उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःहून एका दुपारी करून टाकले. कट्ट्यावरच्या मित्रांच्या बाकाशेजारी फुलांचा वाफा होता, त्यामुळे दादाची खुर्ची वाटेच्या मध्यात राहायची आणि फेऱ्या मारणारा प्रत्येक जण त्याला वळसा घालून जायचा. त्यांनी वाफा मीटरभर मागे घेतला, मोकळ्या झालेल्या जागेत उरलेले पेव्हर ब्लॉक बसवले आणि बाक तसाच ठेवला. आता दादा त्याच्या मित्रांच्या रांगेत बसतो, समोर तोंड करून, खांद्याला खांदा लावून. काल मी त्याला घ्यायला गेले तेव्हा त्यांचा क्रिकेटवरून वाद चालला होता आणि त्याने मला अर्ध्या तासाने यायला सांगितले.