रकाना एकच, ‘प्रथिने %’: एनआयआरचा माझा अनुभव

एनआयआरवर, म्हणजे निअर-इन्फ्रारेड (जवळचा अवरक्त) प्रकाश वापरणाऱ्या मशीनवर, गव्हातली प्रथिनं मोजायला मशीनपाशी मिनिटभरही लागत नाही. कप भरा, काच पुसा, बटण दाबा. माझे तीन महिने गेले ते त्या मिनिटाच्या आधी, आणि तेही रिपोर्टमधल्या एका रकान्यापायी.

मशीनला प्रथिनं कळत नाहीत. कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला गेला एवढंच ते सांगतं. त्या आलेखाला आकडा चिकटवायचा तर आधी शंभरेक नमुने रीतसर रासायनिक पद्धतीनं तपासून आणावे लागतात. मी १४० नमुने दळले, सगळे एकाच ग्राइंडरवर, १ मिलिमीटरच्या चाळणीतून. (चाळणी मध्येच बदलू नका. पीठ जाड-बारीक झालं की प्रकाश वेगळा विखुरतो आणि अख्खा आलेख वर-खाली सरकतो.) स्कॅनिंग दोन दिवसांत उरकलं. ओलावा मी स्वतः ओव्हनमध्ये वाळवून काढला. प्रथिनांसाठी लागतं केल्डाल, म्हणजे नायट्रोजन मोजून प्रथिनं काढायची रासायनिक पद्धत. ती सोय आमच्याकडे नाही, म्हणून पिठं बाहेरच्या लॅबला गेली.

रिपोर्ट दोन हप्त्यांत आले, आधी ७८, मग बऱ्याच तगाद्यानंतर ६२. मी उतावीळपणे त्याच रात्री पीएलएस मॉडेल (आलेखावरून आकड्याचं भाकीत करणारी संख्याशास्त्रीय पद्धत) बसवलं. ओलाव्याचं झकास बसलं. ते बसायलाच हवं, कारण १४५० आणि १९४० नॅनोमीटरला पाणी इतकं ठळक शोषतं की लपून राहत नाही. एनआयआर तंत्राचे प्रणेते कार्ल नॉरिस यांचं या क्षेत्रातलं सुरुवातीचं कामही धान्याच्या ओलाव्यावरच होतं. प्रथिनांच्या भाकितात मात्र ०.८५ टक्क्याची चूक. गव्हासाठी हे अगदीच टाकाऊ.

लॅबला फोन केला. “आमचे आकडे बरोबर आहेत, तुमचं मशीन तपासा.” मग मी मशीन तपासत बसलो. दिवा तासभर तापू दिला, पांढरा संदर्भ पुन्हा घेतला, कप रिकामा करून, परत भरून प्रत्येक नमुना तीनदा स्कॅन केला. आलेखातला विखुरण्याचा परिणाम काढायला एसएनव्ही लावलं, पहिलं डेरिव्हेटिव्ह (आलेखाचा चढ-उतार) घेतलं, दोन्ही लावून पाहिलं. चूक हलेना. शेवटी वैतागून ‘आउटलायर’ (बाकीच्यांत न बसणारे) म्हणून नऊ नमुने उडवले. आलेख देखणा झाला आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या नऊंच्या स्पेक्ट्रामध्ये, म्हणजे शोषणाच्या आलेखांत, काहीच वावगं नव्हतं. ते परत घेतले. असलं कधी करू नका.

ज्या मशीनवर ओलावा नेमका येतो ते बिघडलेलं कसं असेल, हे तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं पंधरा दिवसांनी.

एक गोष्ट मात्र मी आधीच शहाणपणानं केली होती, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. काही पिठं मी दोन-दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवली होती, लॅबला न सांगता. त्यातली एक जोडी दोन वेगवेगळ्या हप्त्यांत गेली होती, क्रमांक ३१ आणि ११७. पीठ एकच. ३१ चा आकडा ११.६, ११७ चा १३.२.

पहिला संशय गुणकावर. केल्डाल मोजतं नायट्रोजन, त्याला गव्हासाठी ५.७ नं गुणतात, पण बऱ्याच ठिकाणी सवयीनं ६.२५ वापरतात. तसं झालं असतं तर ११.६ चे १२.७ झाले असते. जमेना. मग वहीत त्या पिठाचा ओलावा पाहिला, १२ टक्के, म्हणजे कोरडा भाग ०.८८. ११.६ ला ०.८८ नं भागलं, १३.२.

म्हणजे पहिला हप्ता ‘आहे त्या ओलाव्यावर’, दुसरा पाणी वगळून कोरड्या वजनावर, आणि दोन्हींवर मथळा एकच, ‘प्रथिने %’. आलेखातले ठिपके हप्त्यानुसार रंगवले तर दोन ढग स्वच्छ वेगळे दिसले, मधोमध माझी बिचारी रेघ. हे रंगवणं पहिल्याच दिवशी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

फोनवर पलीकडचे शांतपणे म्हणाले, “हो, मध्ये सॉफ्टवेअर बदललं. आता ड्राय बेसिसच (कोरड्या वजनावरच) येतं.” मी म्हटलं, मग नमुन्यांच्या ओलाव्याचे आकडे तरी द्या. त्यासाठी नवा अर्ज करा म्हणाले.

अर्ज केला नाही. माझ्या वहीत ओलावा होताच. पिठं सीलबंद डब्यांत ठेवली होती आणि ओलावा स्कॅनच्याच दिवशी काढला होता म्हणून तो वापरता आला; नाहीतर पीठ हवेतून ओल धरतं आणि आकडा निरुपयोगी होतो. ६२ आकडे एका बैठकीत बदलले, मॉडेल पुन्हा बसवलं. चूक ०.८५ वरून ०.३ वर. खुर्चीतून उठून मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

आणखी एक राहिलंच. अशा जोड्या असतील तर त्यातला एक भाऊ कॅलिब्रेशनमध्ये (मॉडेल बसवायच्या नमुन्यांत) आणि दुसरा पडताळणीत ठेवू नका. मॉडेल ओळखीच्याच नमुन्याचं भाकीत करतं आणि आपण उगाच खूश होतो. शिवाय फ्रीजमधला नमुना काढून लगेच स्कॅन करू नका. पाण्याच्या पट्ट्या तापमानानं सरकतात.

लॅबनं सुधारित रिपोर्ट ‘पुढच्या आठवड्यात’ पाठवतो असं सांगितलं होतं. त्याला आता चार महिने झाले.